साथ आली, शटर पडले, पगाराचे काय?

कोविडची साथ ओसरून काही वर्षे झाली, पण वाचकांच्या पत्रांतून ती अजून हललेली नाही. ‘लॉकडाउनमध्ये कंपनीने अर्धाच पगार दिला, उरलेला आता मागता येईल का?’ ‘पुन्हा अशी वेळ आली तर पूर्ण पगार मिळणार ना? तसा सरकारचा आदेश आहे म्हणतात.’ ‘ताप होता म्हणून मॅनेजरनेच घरी बसवले, मग रजा माझी का कापली?’ दुसऱ्या बाजूने लहान कारखानदार विचारतात: ऑर्डर नाही, कच्चा माल नाही, बँकेचा हप्ता मात्र सुरू, अशा वेळी कायद्याने किमान काय द्यावे लागते?

गोंधळ साहजिक आहे. २०२० च्या मार्च ते जून या चार महिन्यांत केंद्राचा सल्ला, केंद्राचा आदेश, राज्याचा शासन निर्णय, उच्च न्यायालयाचा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असे कागद एकामागून एक आले. प्रत्येकाचे वजन वेगळे, मुदत वेगळी. मोबाइलवर मात्र सगळे सारख्याच थाटात फिरले. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली. जुनी कलमे तोंडपाठ असलेल्या युनियनच्या कार्यकर्त्यांचीही त्यामुळे पंचाईत झाली आहे.

हातातला कागद आधी ओळखा

साथीच्या काळात निघालेला प्रत्येक सरकारी कागद मालकावर बंधनकारक नसतो. २० मार्च २०२० ला केंद्रीय कामगार मंत्रालयाने मालकांना कळवले, की कामगारांना काढू नका, पगार कापू नका. तो सल्ला होता. २९ मार्चचा गृह मंत्रालयाचा कागद मात्र आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १० खालचा आदेश होता: लॉकडाउनमुळे आस्थापना बंद असली तरी कामगारांचा पगार ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावा. पाठोपाठ ३१ मार्चला महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून कंत्राटी, तात्पुरते आणि रोजंदारीवरचे कामगारही कामावर आहेत असे समजून त्यांना पगार देण्यास सांगितले.

साथरोग कायद्याकडून पगाराची अपेक्षा ठेवू नका. तो १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा, मुळात अवघ्या चार कलमांचा. तपासणी, विलगीकरण, प्रवासावरचे निर्बंध यांचे अधिकार त्यात आहेत. मजुरीचा शब्द नाही. त्या प्लेगात कामगार शहर सोडून पळू लागले, तेव्हा मुंबईतल्या गिरणीमालकांनी रोजच्या रोज मजुरी द्यायला सुरुवात केली, ती माणसे टिकावीत म्हणून. कायद्याने त्यांना तसे सांगितले नव्हते.

म्हणून साथीच्या काळात एखादा ‘आदेश’ हाती आला, की एवढे तपासा:

- तो कोणी काढला आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? कलमाचा उल्लेखच नसेल तर तो बहुधा सल्ला आहे.
- कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे?
- कायम कामगारांनाच, की कंत्राटी आणि रोजंदारीवरच्यांनाही?
- नंतर मागे घेतला गेला का? सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

पूर्ण पगाराचे पन्नास दिवस

२९ मार्चचा तो आदेश कायमचा नव्हता. १७ मे २०२० च्या नव्या आदेशाने गृह मंत्रालयाने तो १८ मेपासून मागे घेतला. म्हणजे त्याचे आयुष्य पन्नास दिवसांचे. ‘साथ असेपर्यंत पूर्ण पगार’ असा नियम देशात कधीच नव्हता आणि आजही नाही.

त्या पन्नास दिवसांवरही न्यायालयात झुंज झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अलाइन कंपोनंट्स आणि इतर कंपन्या गेल्या. कामगार कामावर येऊ शकत नाहीत आणि उत्पादन बंद आहे, तर पूर्ण पगार का द्यायचा, हा त्यांचा सवाल. ३० एप्रिल २०२० ला न्यायालयाने पगार द्यायलाच सांगितले. फक्त प्रवासभत्ता आणि भोजनभत्ता, जे कामावर येण्याशी जोडलेले असतात, ते वगळण्याची मुभा दिली. त्याच आदेशात आणखी एक वाक्य होते, जे कामगारांच्या ग्रुपवर फारसे फिरले नाही: जिथे लॉकडाउन शिथिल होऊन काम सुरू झाले आहे, तिथे बोलावूनही स्वतःहून गैरहजर राहणाऱ्याचा पगार रीतसर प्रक्रिया करून कापता येईल.

मग १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने फिकस पॅक्स प्रकरणात अंतरिम आदेश दिला. पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, आणि त्या पन्नास दिवसांच्या पगाराबद्दल मालक-कामगारांनी आपसांत वाटाघाट करून तडजोड करावी. जमले नाही तर कामगार खात्याकडे जावे. २९ मार्चचा आदेश वैध होता की नव्हता, याचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पण व्यवहारात चेंडू वाटाघाटीच्या मैदानात गेला, आणि तिथे ज्याची युनियन मजबूत त्याला पैसे मिळाले. एकट्यादुकट्या कामगाराला ‘वाटाघाट करा’ असे सांगणे म्हणजे जवळजवळ ‘विसरून जा’ असेच सांगणे होते.

ज्यांचे २०२० चे पैसे अडकले आहेत, त्यांनी आता पहिल्यांदा कपाट उघडून लेखी तडजोड शोधावी. युनियनने किंवा कामगारांनी तेव्हा मालकाशी सही-शिक्क्यानिशी करार केला असेल आणि त्याप्रमाणे रक्कम मिळाली नसेल, तर वसुलीच्या मागणीत बळ आहे. तसा कागद नसेल तर वाट अवघड. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने दाव्यांच्या मुदतीला दिलेली सवलतही २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचाच काळ वगळत होती.

विशेष आदेश नसेल तेव्हा: ले-ऑफ

उद्या साथ आली आणि सरकारने पगाराबद्दल काहीच म्हटले नाही, तर नेहमीचा कामगार कायदा लागू राहतो. हा भाग नीट वाचा, कारण खरी भिस्त यावरच आहे.

कच्चा माल, वीज किंवा कोळसा नाही, माल पडून आहे, यंत्र बिघडले आहे किंवा नैसर्गिक आपत्ती ओढवली आहे, अशा कारणांनी मालक हजेरीपटावरच्या कामगाराला काम देऊ शकत नाही, तेव्हा त्याला ले-ऑफ म्हणतात. नोकरी शाबूत राहते, काम तेवढे थांबते. औद्योगिक संबंध संहितेनुसार ५० किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात, एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला अशा दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये असेल, तर महिनाभराच्या ले-ऑफला ७,००० च्या आसपास. घरभाडे भत्ता वगैरे या हिशेबात येत नाहीत, म्हणून हाती येणारी रक्कम बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी भरते. बदली आणि नैमित्तिक कामगार यातून बाहेर आहेत.

दोन ठिकाणी कामगार स्वतःच हक्क घालवतात. ले-ऑफच्या काळातही, मालकाने वेगळे सांगितले नसेल तर, कामाच्या दिवशी ठरल्या वेळी हजेरी लावावी लागते. ‘काम नाहीच आहे, गावी जाऊन येतो’ म्हणून कोकणात किंवा मराठवाड्यात निघून गेलेल्याची भरपाई अडू शकते. दुसरे, मालकाने त्याच गावात किंवा जवळपास तुमच्या जोगे पर्यायी काम तेवढ्याच पगारावर देऊ केले आणि तुम्ही नाकारले, तरी भरपाई जाते.

कामगार ३०० किंवा अधिक असतील तर ले-ऑफसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. त्यामुळे मधल्या आकाराच्या शेकडो कारखान्यांतल्या कामगारांचे एक कवच गेले, हे सरळ मान्य करायला हवे. वीजटंचाई आणि नैसर्गिक आपत्तीच्या ले-ऑफला या परवानगीतून सूट आहे. पण साथीला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणायचे का, यावर वाद होऊ शकतो. मोठ्या कारखान्याच्या व्यवस्थापनाने त्या वादावर विसंबून न राहता अर्ज केलेला बरा.

आता ५० पेक्षा कमी कामगार असलेल्यांचे. ‘आपण पन्नासच्या आत आहोत, म्हणजे काही द्यावे लागत नाही’ ही समजूत मालकांमध्ये भक्कम आहे आणि ती चुकीची आहे. १९७६ मध्ये फायरस्टोन टायर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितले. कायद्यातली भरपाईची कलमे लागू नसलेल्या लहान आस्थापनेत, नोकरीच्या करारात किंवा स्थायी आदेशांत ले-ऑफची तरतूद नसेल, तर मालकाला ले-ऑफ देण्याचा अधिकारच नाही. मग काम न दिलेल्या दिवसांचा पगार कामगार मागू शकतो. किती मिळेल ते परिस्थितीवर ठरते. नेमणूकपत्र काढून वाचायची वेळ ती हीच.

‘या महिन्यापासून तीस टक्के कपात’

असा ई-मेल २०२० मध्ये पुण्या-मुंबईच्या कितीतरी कार्यालयांत आला. वेतन संहितेत पगारातून कोणत्या कारणांनी कपात करता येते त्याची यादी आहे: गैरहजेरी, उचल, भविष्यनिर्वाह निधी, कर वगैरे. त्या यादीत ‘मंदी’ नाही आणि ‘साथ’ही नाही. ही संहिता सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे. जुन्या वेतन प्रदान कायद्यासारखी महिना २४,००० रुपयांची मर्यादा तिच्यात उरलेली नाही. गैरहजेरीची कपातही तेवढ्याच दिवसांची करता येते. म्हणून केलेल्या कामाचा ठरलेला पगार मागे जाऊन कापणे बेकायदा आहे.

पुढच्या काळासाठी पगारच कमी ठरवायचा असेल तर गोष्ट वेगळी. कामगारांच्या बाबतीत मालकाला २१ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यावर वाद उभा करता येतो. देखरेखीचे काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त घेणारे, तसेच व्यवस्थापक, ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडतात; त्यांचा आधार म्हणजे नेमणुकीचा करार. पण पदाच्या नावावर जाऊ नका. व्हिजिटिंग कार्डवर ‘मॅनेजर’ छापले आणि प्रत्यक्षात दिवसभर कोडिंग किंवा बिलिंगच करायचे, तर न्यायालये कामाचे स्वरूप पाहतात. कपातीच्या ई-मेलला ‘ओके, नोटेड’ असे उत्तर देण्याआधी चोवीस तास थांबा. ते उत्तर पुढे संमती म्हणून दाखवले जाते. ‘कपात मला मान्य नाही, माझे हक्क राखून काम करत आहे’ एवढे एक वाक्य पुरे.

राजीनामा लिहून देऊ नका

नोकरकपातीला खर्च येतो. एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटी लागलेला आधी जातो हा सर्वसाधारण नियम. तो मोडायचा तर कारण नोंदवावे लागते. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना प्राधान्य. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीही आहे: काढलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा आणि तो कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. ३०० किंवा अधिक कामगार असतील तर यालाही परवानगी लागते.

राजीनाम्यात यातले काहीच नसते. त्यामुळे साथीच्या दिवसांत एचआरकडून ‘स्वतःहून सोडलेत तर अनुभवाचे पत्र चांगले देऊ’ असा प्रेमळ फोन येतो. उत्तर लेखी मागा: मला काढत असाल तर तसे पत्र द्या. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कळवा, की सही कोणत्या परिस्थितीत झाली. महिन्याभराने सांगितलेली जबरदस्ती कोणाला पटत नाही.

काढले, सोडले किंवा आस्थापना बंद झाली, तरी शेवटचा पगार दोन कामकाजी दिवसांत द्यायचा आहे. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही कंपन्यांची जुनी सवय आहे, पगारापुरता तरी तिला आता कायद्याचा आधार नाही. मुदतीच्या करारावरच्यांचा करार संपला तर ती नोकरकपात धरली जात नाही. मात्र वर्ष पूर्ण झाले असेल तर त्यांना ग्रॅच्युइटी मिळते.

आजारी पडलात तर

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि दहा किंवा अधिक माणसांची आस्थापना, तर तुम्ही बहुधा राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयसीत आहात. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात सरासरी पगाराच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही. पैसे मालकाकडून नव्हे, महामंडळाकडून येतात आणि त्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर अवलंबून राहाल तर खिडकीवरून परत याल.

वर्गणी कापली जाते पण भरली जात नाही, हा प्रकार साथ येईपर्यंत लक्षात येत नाही. ईएसआयसीच्या पोर्टलवर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात दर दोन-तीन महिन्यांनी डोकावत जा.

ज्याला स्वतःला काही झालेले नाही, पण मॅनेजरनेच ‘चौदा दिवस येऊ नका’ म्हणून सांगितले, त्याचे काय? ही गैरहजेरी तुमच्या मर्जीची नाही, एवढा मुद्दा तुमच्या बाजूने आहे. म्हणून सूचना तोंडी घेऊ नका. व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या: कोणी, किती दिवस, कशासाठी. तुम्ही स्वतः रजेचा अर्ज टाकलात तर ती रजाच ठरेल.

कामगाराचा मृत्यू झाला, तर वारसांनी तीन दारे ठोठावायची आहेत. पहिले भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या विम्याचे. त्यात २०२१ पासून कमाल सात लाख रुपये मिळू शकतात आणि त्यासाठी कामगाराने वेगळा हप्ता भरलेला नसतो. दुसरे कुटुंब निवृत्तिवेतनाचे. तिसरे दार रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांचे: वॉर्डबॉय, परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी. संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामातून झालेला संसर्गजन्य रोग कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यातून भरपाईचा हक्क येतो. ‘संसर्ग बाहेरूनही झाला असेल’ असे व्यवस्थापन म्हणेलच. ड्यूटीचे तक्ते आणि कोणत्या वॉर्डात नेमणूक होती त्याची नोंद तेव्हा कामी येते.

कामाची जागा, लस आणि जादा तास

१५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या निर्देशांत कारखान्यांना तापमान तपासणी, मास्क, पाळ्यांमध्ये अंतर, निर्जंतुकीकरण आणि कामगारांचा वैद्यकीय विमा या गोष्टी घालून दिल्या होत्या. लगेच उद्योजकांमध्ये अफवा उठली, की एक जरी कामगार बाधित निघाला तर मालकाला अटक आणि कारखान्याला तीन महिने टाळे. २३ एप्रिलला गृह मंत्रालयाला पत्र काढून सांगावे लागले, की तसे काही नाही. भीतीपोटी बाधित कामगार लपवण्यापेक्षा नोंद ठेवणे मालकाच्याच हिताचे असते.

निर्देश गेले, पण व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत धोकामुक्त जागा देण्याचे मालकाचे कर्तव्य कायम आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणेही तिनेच बंधनकारक केले. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे वाजवी कारणाने वाटले, तर तुम्ही मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवू शकता. मालकाला ते पटले तर त्याने लगेच उपाय करायचे. पटले नाही तर निर्णय निरीक्षकाचा. न कळवता कामावर जाणे थांबवलेत, तर मात्र हा हक्क गैरहजेरीत बदलतो.

लशीची सक्ती? जेकब पुलियेल प्रकरणात २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कोणालाही लस घेण्याची बळजबरी करता येत नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालायला वाव ठेवला. ‘लस घेतली नाही म्हणून उद्यापासून येऊ नका’ असे परस्पर सांगणाऱ्या मालकाची बाजू म्हणून कमकुवत आहे. रुग्णालयासारख्या ठिकाणी तिला थोडे अधिक वजन येऊ शकते.

जादा तासांची कथा गुजरातची. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी आणि दुप्पट दराशिवाय ओव्हरटाइम अशी सूट दिली. गुजरात मजदूर सभा न्यायालयात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द करून ओव्हरटाइम चुकता करायला लावला. साथीचा आर्थिक भार कामगाराच्या खांद्यावर टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

कंत्राटी, परप्रांतीय आणि घरकामगार

ठेकेदार फोन उचलत नाही, अशी तक्रार असेल तर मूळ कंपनीकडे जा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी ज्या आस्थापनेसाठी काम केले तिच्यावर येते. अडचण पुराव्याची: गेटपास, ओळखपत्र, बँकेतली जमा, साइटवरचे फोटो, जे असेल ते जपा.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली ही माणसे चालत भुसावळला निघाली होती, घरी जाणारी रेल्वे मिळेल म्हणून. आंतरराज्य स्थलांतरित कामगाराला गावी जाऊन येण्याचा प्रवासभत्ता जुन्या, १९७९ च्या कायद्यातही होता; अशा कामगारांची नोंदच नसल्याने तो कागदावर राहिला. नव्या संहितेत तो वर्षातून एकदा एकरकमी द्यायचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नोंद करून ठेवा.

घरकामाच्या मावशींना पगार देण्याची सक्ती करणारा कायदा २०२० मध्ये नव्हता आणि आजही त्यांचे संरक्षण सगळ्यांत तोकडे आहे. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्याने जाहीर केलेले १,५०० रुपये नोंदणी असलेल्या बायांसाठीच होते. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला आणि अर्ज भरायला मदत करायला कुठला आदेश लागत नाही.

लहान मालकांसाठी

- आधी बोला, मग कापा. कामगारांशी लेखी तडजोड झाली आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या, तर पुढचे निम्मे वाद टळतात.
- ले-ऑफ द्यायचा तर तारखेसह सूचना लावा आणि हजेरीपट चालू ठेवा. ‘फोन करू तेव्हा या’ हा ले-ऑफ नव्हे.
- भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयसीचा भरणा थांबवू नका. २०२० मध्ये सरकारने काही लहान आस्थापनांचा भविष्यनिर्वाह निधीतला दोन्ही बाजूंचा हिस्सा स्वतः भरला, पण तो विवरणपत्रे वेळेवर दाखल करणाऱ्यांचाच.
- गरोदर किंवा प्रसूती रजेवरच्या कर्मचारी स्त्रीला या काळात काढणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मंदीचे कारण तिथे चालत नाही.

तक्रार कशी आणि कधीपर्यंत

पहिले पत्र मालकाला, ई-मेलने किंवा पोच घेऊन. उत्तर आले नाही तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. सोबत पगाराच्या स्लिपा, बँकेचे विवरण, हजेरीचे फोटो, व्हॉट्सॲप संदेशांच्या छापील प्रती, आणि एका पानावर तारीखवार हकीकत. वकिली भाषेची गरज नाही. किती दिवसांचे, किती रुपये, हे आकड्यात लिहा.

वेतन संहितेखाली थकलेल्या पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. नोकरीवरून काढल्याचा वाद मात्र दोन वर्षांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे न्यायचा. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका.

वकिलाच्या खर्चाने अनेक जण माघार घेतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर देता येतो. सोबत ओळखपत्र आणि तुम्ही त्या कंपनीत कामाला होतात हे दाखवणारा एखादा कागद न्या.